काम्शात तातेंची खुर्ची

काम्शात तातेंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताते म्हणजे आमच्याकडे मावशी. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, तरी पायाला भिंगरी. चहा घेतील तो खिडकीशी येरझाऱ्या घालत. फोन आला की जिन्यात जातील आणि बोलणं संपेपर्यंत वर-खाली करत राहतील. विचार करायचा झाला की हातात चाव्यांचा जुडगा, आणि त्याची ती अखंड खळखळ. शेजारच्या टेबलावरच्या झान्दोसने त्यापायी कानात बोळे घालायला सुरुवात केली होती, पण 'ताते, जरा थांबवा' असं काही तो म्हणाला नाही. आमच्या ऑफिसात काम्शात तातेंना कोणी काही म्हणतच नव्हतं. सगळं दुखणं तिथेच होतं.

अल्माटीत, मोठ्या बाजाराच्या वरच्या अंगाला आमचं ऑफिस. शहरात हिवाळाभर घरोघर गरम पाणी खेळवणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. कुणाच्या घरचे रेडिएटर थंड पडले की तक्रार यायची, आणि दुरुस्तीची गाडी आधी कुठे धाडायची ते आमच्या प्रोग्रामने सांगायचं. ऑक्टोबरच्या मध्याला नळांत उष्णता सोडतात. त्याच्या आत सगळं तयार हवं होतं. मी झौरे, टेस्टर. इतरांनी लिहिलेल्यात चुका काढणं हा माझा धंदा. घरीही मी तोच करते असं नवऱ्याचं म्हणणं आहे, पण त्याच्या म्हणण्यातही बऱ्याच चुका असतात.

आमचा म्होरक्या मेदेत. चांगला मुलगा, फक्त कुणाचं मन मोडणं त्याला जमत नाही. वसंतात तो कुठूनसं दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आला आणि येताना 'अजाइल' घेऊन आला. कामाचे लहान लहान तुकडे करायचे, दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्यांना दाखवायचं, चुकलं तर तिथल्या तिथे बोलायचं, मोठा-धाकटा बघायचा नाही. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय ते थोडक्यात सांगायचं. उभं अशासाठी, की पाय दुखले की माणूस आपोआप आवरतं घेतो. मेदेतने भिंतीवर कागद लावला, 'इथे सगळे समान.' आणि त्याच दुपारी काम्शात तातेंसाठी खुर्ची आणली.

म्हणजे काय, आम्ही उभे राहिलेलो चालेल, पण तातेंच्या वयाची बाई रोज सकाळी उभी? उयात! लाज! या एका शब्दावर आमच्याकडे लग्नं ठरतात, मोडतात आणि कर्ज काढून जेवणावळी होतात. खुर्चीही कुठे मांडली, तर तोरला. दारापासून सगळ्यात लांबची, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची जागा. मग काय, ताते मधोमध बसलेल्या आणि आम्ही समोर हात बांधून उभे. आजीपुढे नातवंडं कबुलीजबाब द्यायला उभी करावीत तसे. पहिलं बोलणं अर्थातच तातेंचं. त्या म्हणत, "माझं ठीक चाललंय." मग आम्हा सगळ्यांचंच ठीक चाललेलं असे. मध्येच त्या उठत, की तीन आवाज एकदम, "बसा ना ताते, बसा!" की पुन्हा टेकत. एकदा माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "झौरे, या खुर्चीत खिळे आहेत गं."

"कुठेत? दाखवा, ठोकून देते."

"तुला दिसायचे नाहीत. तू उभी असतेस."

तातेंचा जन्म तालदीकोर्गानकडच्या एका गावात. वडील बिटाच्या साखर कारखान्यात. गणित चांगलं म्हणून शिकायला शहरात आल्या आणि ऐंशीच्या दशकात सरकारी गणनकेंद्रात लागल्या. तेव्हा एक यंत्र अख्खी खोली खायचं. प्रोग्राम लिहायचा, तो कागदावर छापून निघायचा, आणि तो कागद शेजारणीला द्यायचा. तिने तो लाल पेन्सिल घेऊन वाचायचा, हा तिथला नियम. त्यांच्या वरच्या बाई होत्या राइसा मिखाइलोव्हना. त्यांनी तातेंच्या पहिल्याच कागदावर इतकं लाल केलं की तातेंना वाटलं, बाईंचं बोट कापलं. संडासात जाऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना आणखी अवघड काम दिलं. हे सांगताना ताते दर वेळी थांबायच्या. "अवघड दिलं. कळलं ना? रडले म्हणून सोपं नाही दिलं."

मग देशच बदलला. केंद्राला कुलूप लागलं, यंत्र भंगारात गेलं. ताते चौकडीच्या पिशव्या घेऊन सीमेपलीकडून माल आणायला लागल्या आणि बाजारात बायकांचे लांब मोजे विकायला लागल्या. भर थंडीत, पत्र्याच्या गाळ्यात, उभ्याने. तीच उभं राहायची सवय. "पण बाजार खरा असतो हो," त्या म्हणायच्या. "बाई आठ दिवसांनी येणार, मोजा तोंडावर फेकणार, म्हणणार, पहिल्या धुण्यात फाटला. मग मला कळायचं, कुणाकडून माल घ्यायचा नाही." पुढे एका बँकेत पुन्हा प्रोग्राम लिहिले. ती नोकरीही गेली. नवरा गेला. मुलगी अस्तानाला, तिला बाळ झालं, ती रोज विचारायची, "आई, कधी येतेस?" आणि ताते रोज काहीतरी सबब सांगायच्या.

मेदेतला त्या सापडल्या कारण या पाणीवाल्या कंपनीचा जुना प्रोग्राम अशा भाषेत होता की ती वाचणारं शहरात कोणी उरलं नव्हतं. तातेंनी तो उलगडून दिला. ते काम फेब्रुवारीतच संपलं. तेव्हा मेदेतला वाटलं, आता त्या नातवाला सांभाळायला जातील. त्या म्हणाल्या, "नवं शिकते. दे मला एक तुकडा." मेदेत नाही म्हणू शकला असता तर तो मेदेत कसला! त्याने दिला. दिला तोही मानाचा तुकडा, तक्रारींची रांग लावण्याचा, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचं काळीज. सगळ्यात मोठ्या माणसाला बारकं काम कसं द्यायचं? उयात!

आमच्या रीतीप्रमाणे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून, चुका सांगून मगच पुढे जायचं. तातेंचं लिहिलेलं झान्दोस वाचायचा. आणि दर वेळी खाली शेरा मारायचा, "सुंदर, ताते."

सहा महिने सुंदर. एखाद्याला आनंद झाला असता. तातेंच्या जिवाची मात्र घालमेल होऊ लागली. चाव्यांची खळखळ वाढली. दिवसातून चारदा माझ्या टेबलाशी यायच्या. "झौरे, माझ्यात काही सापडलं?"

"नाही ताते."

"नीट बघितलंस?"

"माझ्यापुढे जे येतं ते नीटच बघते मी."

"काहीच कसं सापडत नाही? राइसा मिखाइलोव्हनांना तर माझ्या नावातसुद्धा चूक सापडायची."

काम किती मोठं आहे ते ठरवायला आम्ही पत्ते खेळतो. प्रत्येकाकडे आकड्यांचे पत्ते. लहान काम, लहान आकडा. सगळ्यांनी आपापला पत्ता एकाच वेळी उलटायचा, म्हणजे कुणी कुणाचं बघून सांगणार नाही. आमच्यात सगळे बोटं पत्त्यावर ठेवून तातेंच्या हाताकडे डोळे लावून बसायचे. त्यांचा पत्ता पालथा-उताणा झाला की आमचे पत्ते अर्ध्या श्वासाने मागून. सप्टेंबरात एका दिवशी काम आलं होतं, एका बटणावरचा शब्द बदलायचा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. तातेंनी पत्ता टाकला, शंभर. आमच्या गड्डीतला सगळ्यात मोठा.

मग झान्दोसने चाळीस टाकला, बिचाऱ्याला त्याहून वर जाववेना. मेदेतने घसा साफ केला. "ताते म्हणतात त्यात तथ्य आहे. दिसतं तितकं सोपं नसतं. बटण म्हटलं की..."

माझं डोकं फिरलं. मी एकचा पत्ता आपटला. "बटण म्हटलं की बटण! शब्द बदलायचा आणि घरी जायचं!" मेदेतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मशिदीत बूट घालून शिरले. ताते मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. स्वतःच्या पत्त्याकडे बघत होत्या. चेहरा उतरला होता.

त्यानंतर आठवडाभराने मेदेतने त्यांना बाजूला बोलावलं. काय बोलणं झालं ते त्यांनी मला जिन्यात सांगितलं, पायऱ्या चढता चढता, मी मागून धापा टाकत. हंगाम सुरू झाला की मेदेत त्यांना सल्लागार करणार होता. पगार तोच, वेगळं टेबल, दारावर नावाची पाटी. लिहायचं काही नाही. नुसता सल्ला द्यायचा.

"मी विचारलं, माझं लिहिलेलं चुकतंय का रे? तर म्हणतो, छे छे, ताते! काय बोलता!" त्या वळल्या. "तोरला बसवताहेत मला, झौरे. कायमची. मग मी अस्तानाला गेले काय आणि इथे राहिले काय, कुणाला कळणारसुद्धा नाही. तू चुका शोधणारी ना? सांग, मला अजून हे काम येतं की नाही?"

"ताते, तुमची चूक माझ्यापर्यंत पोचतच नाही," मी म्हणाले. एवढंच मला ठाऊक होतं. का पोचत नाही याचा मला संशय होता, पण पुरावा नव्हता. मी तेही सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि चाव्या खिशात टाकल्या.

त्याच दुपारी त्यांनी तक्रारींच्या रांगेत जाणूनबुजून एक चूक घातली. बारीक नव्हे, घोडचूक. रांग उलटी केली. जो सगळ्यात शेवटी तक्रार करेल त्याच्याकडे गाडी सगळ्यात आधी, आणि जो पहाटेपासून गारठलाय तो सगळ्यात मागे. आंधळ्यालाही दिसावी अशी. झान्दोसकडे वाचायला धाडली. तासाभराने शेरा आला, "सुंदर, ताते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोग्राम चालवून पाहिला. रांग सुलटी होती.

त्या माझ्या टेबलाशी आल्या. पडद्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी शुक्रवार. दर दुसऱ्या शुक्रवारी मेदेत आम्हाला मागे वळून बघायला बसवतो. गेल्या दोन आठवड्यांत काय चांगलं झालं, काय चुकलं, ते मोकळेपणी बोलायचं. आमचं बोलणं असं, की दुधाचा चहा, पिठाचे तळलेले गोळे म्हणजे बाउरसाक, 'सगळं छान झालं' असं एकेकाने म्हणायचं, आणि मग सगळ्यात मोठ्या माणसाने बाता द्यायची. तळवे उघडून आशीर्वाद, आपण 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवायचा, की उठलो. बातेशिवाय टेबलावरून उठायचं नाही. आणि बाता झाल्यावर तक्रार करायची नाही.

सगळ्यांचं 'छान झालं' म्हणून झालं. आम्ही तळवे उघडले. तातेंनी हात मांडीवरच ठेवले.

"आज बाता नाही," त्या म्हणाल्या. "आधी मला कुणीतरी माझी एक चूक सांगा. मग देते."

मेदेत हसला. "ताते, काहीतरीच! तुमची कसली चूक?"

"काल मी रांग उलटी केली होती. कुणी सुलटी केली?"

कुणी बशीतला बाउरसाक फिरवू लागलं, कुणी खिडकीबाहेरचे डोंगर बघू लागलं. उठता तर येईना. झान्दोसचा फोन थरथरला, त्याने उलटा घातला. चहावर साय धरली. ताते बसल्या होत्या. पाय हलत नव्हते, हातात चाव्या नव्हत्या. इतक्या स्वस्थ त्या मी प्रथमच बघत होते, आणि मला ते बघवेना.

"झान्दोस," मी म्हणाले, "बोल की रे! तोंडात काय गुळणी धरलीयस?"

"झौरे, तू गप्प बस," मेदेत म्हणाला.

"ती कशाला गप्प बसेल?" ताते म्हणाल्या. "तीच तर एकटी बोलते. झान्दोस, मी तुझ्या आईपेक्षा मोठी आहे ना? मग माझं ऐक. बोल."

झान्दोस उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "ताते, दोन तक्रारी एकाच क्षणी आल्या की तुमचं लिहिलेलं अडकून बसतं. कालचं नव्हे. पहिल्यापासून. मी रोज संध्याकाळी थांबून परत लिहितो. मेदेतला माहीत आहे. मी घरी पोचतो तेव्हा माझी मुलगी झोपलेली असते. ती मला रविवारचा बाबा म्हणते. तुम्हाला सांगणार तरी कसं?"

तातेंचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "माझ्यातलं किती उरतं?"

"नावं," झान्दोस म्हणाला. "प्रोग्राममधल्या गोष्टींना तुम्ही दिलेली नावं मी बदलत नाही. ती चांगली असतात."

मला रडू फुटलं. मेदेतकडे बघवत नव्हतं, भिंतीवरच्या त्याच्या कागदाकडे तर नाहीच नाही. इतकी माया, इतका मान, आणि त्या सगळ्याने मिळून एका कामसू बाईला सहा महिने जिवंतपणी फोटोत बसवलं होतं.

"मेदेत," ताते म्हणाल्या, "सल्लागार मी होणार नाही. माझं काम चुकत असेल तर मला काढ. चुकतंय म्हणून, तोंडावर सांगून काढ. माझी हरकत नाही, बाजारातही मी माल परत घेतलाय. पण खुर्चीवर बसवून काढू नकोस रे, बाळा."

"ताते, मला फक्त तुमचं मन..."

"माझं मन म्हातारं नाही झालं. नळांत उष्णता सोडेपर्यंत मला वेळ दे. तोवर आलं नाही तर मीच उठेन. आणि झान्दोस, उद्यापासून संध्याकाळी घरी जायचं. माझं चुकलेलं तसंच ठेव, वर लाल खूण कर. झौरेपर्यंत पोचू दे."

मग त्यांनी तळवे उघडले. आम्हीही. एरवी त्यांची बाता लांबलचक असायची, त्यात घोडे, मेंढरं आणि सात पिढ्या यायच्या. त्या दिवशी एवढीच होती: "झान्दोसची मुलगी त्याला रोज जागेपणी भेटो. आणि मेदेतच्या पोटातलं त्याच्या ओठांवर येवो. ओमीन."

सोमवारी सकाळी आम्ही गोल उभे राहिलो तर तोर रिकामं. ताते दाराशी उभ्या होत्या, सगळ्यात धाकट्यांच्या जागी, आणि त्या सगळ्यात शेवटी बोलल्या. म्हणाल्या, "माझं ठीक चाललेलं नाही. दोन तक्रारी एकत्र आल्या की काय करायचं ते मला कळत नाही. कोण शिकवेल?" सभा संपल्यावर त्यांनी ती खुर्ची खरडत खरडत अख्ख्या खोलीतून ओढत नेली. तीन जण मदतीला धावले, त्यांना हाताने बाजूला सारलं. खुर्ची झान्दोसच्या टेबलाला लावली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

ती दोघं रोज तशी बसू लागली. सोपं नव्हतं. झान्दोस आधी प्रत्येक वाक्याला 'माफ करा' म्हणायचा. ताते चिडायच्या, वही आपटायच्या, जिन्यात जाऊन यायच्या. एकदा संडासातून डोळे पुसत आलेल्या मी पाहिल्या. मी विचारलं, "सोपं काम मागू का मेदेतकडे?" तर अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने माझ्या पडद्यात तोंड घातलं. माझ्याकडे आता त्यांच्या चुका येऊ लागल्या होत्या, ढिगाने, आणि मी एकही सोडत नव्हते.

नळांत उष्णता सोडली त्या सकाळी ऑफिसातले रेडिएटर टकटक वाजायला लागले. तक्रारी यायला लागल्या, गाड्या धावायला लागल्या. रांग चालू होती, ती झान्दोसनेच लिहिलेली, या वेळी त्याच्या नावाने, भर दिवसा. तातेंनी लिहिलेली अजून आत गेली नव्हती. मुदत भरली होती. मेदेत त्यांच्या टेबलापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी एकदाचं त्याने तोंड उघडलं. "ताते, रांग झान्दोसकडेच राहील. तुमची तितकी भरवशाची नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला तोंडावर असं सांगितलं असावं, घाम फुटला होता त्याला. "पण इमारत कुठली, मजला कुठला, ते ओळखायचा तुकडा तुम्ही घ्या. तो लहान आहे."

"लहान?" ताते म्हणाल्या. मला वाटलं, आता पिशवी उचलतील.

"लहान. पण तो कोणालाच नीट जमलेला नाही. अवघड आहे."

तातेंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "दे."

दुपारी झान्दोसने त्यांचं पहिलं लिहिलेलं वाचून परत पाठवलं. त्याचा शेरा ताते मला बोट धरून वाचायला घेऊन गेल्या. त्यात 'सुंदर' नव्हतं. 'ताते, हे चालणार नाही. नवव्या मजल्याच्या वर माणसं राहत नाहीत का? परत लिहा.'

तेवढ्यात मुलीचा फोन आला. या वेळी त्या जिन्यात गेल्या नाहीत. तिथेच उभ्याने बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाही गं, इतक्यात कशी येऊ? माझं चुकलंय. परत लिहायचंय." पोरीला नोकरीत बढती मिळाली की आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगते, तशा सुरात. फोन ठेवला, खुर्चीवर बसल्या, पडद्याकडे बघत विचारात पडल्या, आणि हात आपसूक खिशाकडे गेला.

"ताते," झान्दोस मान वर न करता म्हणाला, "तेवढा चाव्यांचा आवाज बंद करा ना. सहा महिने झाले, डोकं उठलंय माझं."

मेदेतने दचकून वर पाहिलं. काम्शात तातेंनी चाव्या माझ्याकडे फेकल्या, "धर गं या, संध्याकाळी दे," म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.